उभ्या प्रेक्षकांचा हिशेब

फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमची क्षमता सांगताना सुमारे १९ हजार हा आकडा दिला जातो. हा आकडा आसनांचा आहे. म्हणजे कागदावर तेथे येणारा प्रत्येक प्रेक्षक बसलेला असतो. प्रत्यक्षात एफसी गोवाचा महत्त्वाचा सामना असला की ढोल, झेंडे आणि घोषणा घेऊन येणाऱ्या समर्थकांच्या भागात पहिल्या शिटीपासून शेवटच्या शिटीपर्यंत कुणी खाली बसत नाही. पुढचा उभा राहिला की मागचा उभा राहतो आणि त्याच्याही मागचा आसनावर चढतो. प्लास्टिकची ती आसने बसण्यासाठी बनवलेली आहेत, नाचण्यासाठी नव्हे. गोल झाला की वरच्या रांगेतल्या माणसाचा तोल खालच्या रांगेकडे जातो. त्या क्षणी त्याला अडवायला मध्ये जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीच्या प्लास्टिकखेरीज काहीही नसते.

हे वर्षानुवर्षे चालले आहे आणि निभावूनही गेले आहे, म्हणून त्याची चर्चा होत नाही. परंतु २०२५ या एका वर्षात गर्दीच्या व्यवस्थापनाने गोव्याला आणि शेजाऱ्यांना जे दाखवले, त्यानंतर निभावून जाण्यावर विसंबणे परवडणारे नाही. ३ मे रोजी शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. ४ जून रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल विजेतेपदाच्या जल्लोषात ११ जण चिरडून मेले. २२ ऑक्टोबरला सौदी अरेबियाचा अल नासर संघ फातोर्ड्यावर खेळायला आला, तेव्हा एक प्रेक्षक सेल्फीसाठी थेट मैदानात पोहोचला. ६ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास हडफड्याच्या नाइट क्लबमधील आगीने २५ बळी घेतले. आणि १३ डिसेंबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर लिओनेल मेस्सीचे नीट दर्शन झाले नाही म्हणून चिडलेल्या प्रेक्षकांनी आसने उपटून मैदानात भिरकावली. या घटनांची कारणे एक नाहीत आणि त्यांना एकाच माळेत ओवणे अन्यायाचे होईल. तरीही प्रत्येक ठिकाणी किती माणसे आत आहेत, ती कुठल्या वाटेने आली आणि कुठल्या वाटेने बाहेर पडतील, हा हिशेब कुठे ना कुठे चुकलेला होता.

फुटबॉलच्या जगात हा हिशेब गेली तीन-साडेतीन दशके एका प्रश्नाभोवती फिरतो आहे: प्रेक्षकांना उभे राहू द्यावे की नाही? त्याचे उत्तर आधी ‘नाही’ असे दिले गेले आणि नंतर ते बदलले गेले. दोन्ही वेळची कारणे फातोर्ड्याला लागू पडतात.

१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए चषकाचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेन या टोकाला पायऱ्या-पायऱ्यांचा उभा विभाग होता आणि मैदानात कुणी घुसू नये म्हणून तो लोखंडी कुंपणांनी पिंजऱ्यासारखा कप्प्याकप्प्यांत विभागलेला होता. बाहेर फिरत्या दारांशी गर्दी दाटली. ती मोकळी करण्यासाठी दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले. आत शिरलेला लोंढा समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन कप्प्यांत गेला. ते कप्पे आधीच भरलेले होते, बाजूच्या कप्प्यांत जागा होती. पण बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून लोकांना बाजूला वळवायला कुणी नव्हते. २,२०० जणांच्या अधिकृत क्षमतेच्या त्या दोन कप्प्यांत तीन हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली. एक आडवा कठडा मोडला. सामना सुरू झाल्यावर सहाव्या मिनिटाला थांबवण्यात आला, तोवर उशीर झाला होता. मृतांचा अंतिम आकडा ९७ झाला. त्यांतील शेवटची व्यक्ती ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच दिवशीच्या इजांमुळे वारली.

यातील बहुतेक माणसे तुडवली जाऊन मेली नाहीत. ती उभ्या उभ्या गुदमरली. छातीवर चहूबाजूंनी इतका दाब आला की श्वास आत घेण्यापुरती बरगडी हलेना. गर्दीत मृत्यू येतो तो असा. चेंगराचेंगरी म्हटले की पळणारे, एकमेकांना तुडवणारे लोक डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे दोष आपसूकच गर्दीच्या माथी मारला जातो. लिव्हरपूलच्या समर्थकांच्या माथीही तो मारला गेला होता. दारू पिऊन, तिकिटाविना ते घुसले, असे सांगण्यात आले. त्यांची त्यात काही चूक नव्हती आणि मृतांचा बळी बेकायदा कृतीने गेला, हे ज्यूरीने नोंदवायला एप्रिल २०१६ उजाडावे लागले.

न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशी अहवालाचा अंतिम भाग जानेवारी १९९० मध्ये आला. वरच्या श्रेणींच्या मैदानांवर सर्वांसाठी आसने असावीत, ही त्याची सर्वांत गाजलेली शिफारस. तिच्यामुळे १९९४ पासून इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतून उभे विभाग हद्दपार झाले. मात्र त्याच अहवालात उभे राहणे मुळातच असुरक्षित आहे असे म्हटलेले नाही, उलट तसे नसल्याचे नमूद आहे. आणि आधीच्या अंतरिम अहवालात दुर्घटनेचे मुख्य कारण म्हणून पोलिसांच्या नियंत्रणातील अपयशाकडे बोट दाखवले आहे. उभ्या पायऱ्या गेल्या, हे जगाने पाहिले. कुंपणे काढली गेली, प्रत्येक विभागाची क्षमता स्वतंत्रपणे मोजली जाऊ लागली, आत गेलेले प्रत्येक डोके क्षणोक्षणी मोजणारी यंत्रणा आली, सुरक्षेसाठी परवाना आणि त्यावर देखरेख करणारे प्राधिकरण आले, याकडे इतरांचे फारसे लक्ष गेले नाही. भारतासारख्या देशांनी त्यातली आसने तेवढी उचलली.

आसन म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे सांगायला हिल्सबरोच्या चार वर्षे आधीचा दाखला आहे. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानावर आसनांच्या जुन्या लाकडी स्टँडला आग लागली आणि ५६ माणसे मेली. मागच्या बाजूची बाहेर पडण्याची दारे बंद होती. त्या दिशेने धावलेले अनेक जण तेथेच अडकले. पुढे मैदानाकडे कुंपण नव्हते, म्हणून पुढे उतरलेले वाचले. हडफड्याच्या आगीनंतर बाहेर पडण्याच्या वाटांविषयी जे बोलले गेले, ते ब्रॅडफर्डला ठाऊक होते.

इंग्लंडमध्ये आसने बसवली गेली तरी लोक बसले नाहीत. पंचवीस वर्षे दर आठवड्याला हजारो समर्थक आपापल्या आसनासमोर उभे राहून सामना पाहत राहिले आणि व्यवस्थापक त्यांना बसवण्याचा निष्फळ प्रयत्न करीत राहिले. यातून जुन्या पायऱ्यांपेक्षाही वाईट परिस्थिती उद्भवली. जुन्या उभ्या विभागांत निदान ठरावीक अंतरावर आडवे कठडे तरी होते. आसनांच्या विभागात उभ्या माणसाच्या पुढे फक्त पुढच्या आसनाची पाठ. ती नडगीला लागते आणि माणूस कमरेतून पुढे कोसळतो. एक कोसळला की त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा, पत्त्यांच्या बंगल्यासारखा.

यावरचा तोडगा जर्मनीतून आला आणि त्याचे यंत्र अगदी साधे आहे. प्रत्येक रांगेत कमरेच्या उंचीचा एक अखंड, मजबूत पोलादी कठडा असतो. त्याच्याच चौकटीत घडीचे आसन बसवलेले असते. उभे राहायचे तर आसन वर मिटते, बसायचे तर खाली उघडते. दर एका रांगेला कठडा असल्यामुळे मागून आलेला रेटा पुढच्या रांगेपर्यंत पोहोचतच नाही. तो तिथल्या तिथे पोलादात जिरतो. त्यालाच ‘रेल सीट’ म्हणतात आणि त्यावर उभारलेल्या व्यवस्थेला ‘सेफ स्टँडिंग’. स्कॉटलंडला इंग्लंडचा आसनसक्तीचा नियम लागू नव्हता, त्यामुळे ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने २०१६ मध्ये अशी जवळपास तीन हजार आसने बसवली. २०१८ मध्ये श्रूसबरी टाउन या छोट्या इंग्लिश क्लबने ती बसवली, आणि त्यासाठी समर्थकांनी वर्गणी काढली. २ जानेवारी २०२२ पासून चेल्सी, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड, टॉटनहॅम आणि कार्डिफ या पाच क्लबांच्या मैदानांवर सरकारी परवानगीने प्रयोग झाला. २०२२-२३ च्या हंगामापासून वरच्या दोन श्रेणींतील सर्वच क्लबांना अटींसह मुभा मिळाली. त्याआधी सरकारी पातळीवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की गोलच्या जल्लोषात माणसे पुढे-मागे कोसळण्याचा धोका कठड्यांमुळे कमी होतो.

येथे एका गैरसमजाची वाट आधीच अडवलेली बरी. उभे राहू दिले की तेवढ्याच जागेत जास्त माणसे मावतील आणि जास्त तिकिटे विकता येतील, हे कुणाच्याही डोक्यात चटकन येते. जर्मनीत ते काही अंशी खरेही आहे. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूच्या प्रसिद्ध स्टँडमध्ये सुमारे २४,५०० जण उभे राहतात. देशांतर्गत सामन्यांना त्या स्टेडियमची क्षमता ८१ हजारांवर जाते, तर युरोपीय सामन्यांना सर्वांनी बसण्याची सक्ती होती तेव्हा ती ६६ हजारांच्या आसपास येई. इंग्लंडने मात्र एका आसनामागे एकच माणूस ही अट घातली. कठडे आले, क्षमता होती तेवढीच राहिली. गोव्यात हा विचार कधी झालाच, तर तो इंग्लंडच्या अटीवर व्हावा. डॉर्टमुंडची क्षमता हवी असेल तर डॉर्टमुंडची दारे, जिने आणि शिस्तही आधी आणावी लागेल.

भारतात उभ्या प्रेक्षकांचा इतिहास हिल्सबरोहून जुना आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या लीग सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी होऊन उडालेल्या गोंधळात १६ फुटबॉलप्रेमी मेले. बंगालमध्ये त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही पाळला जातो. गोव्यात फुटबॉल १८८३ मध्ये शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्याबरोबर आला असे मानले जाते. तेव्हापासून येथला प्रेक्षक मुख्यतः उभाच राहिला आहे: कापणी झालेल्या शेताच्या बांधावर, चर्चच्या आवाराबाहेर, चिऱ्याच्या पायरीवर. गावच्या स्पर्धेत रेषेला लागून चार-पाच रांगा उभ्या राहतात आणि चेंडू बाहेर आला की तीच माणसे मागे सरून वाट देतात. तेथे कुणी चिरडत नाही, कारण मागे मोकळे शेत असते. स्टेडियममध्ये मागे भिंत असते. उभे राहण्याची सवय तीच, जागा मात्र बदललेली, आणि या बदलाची नोंद आसनांच्या क्रमांकाखेरीज कुठेही घेतली गेलेली नाही.

फातोर्ड्याला स्वतःचा असा एक धडाही आहे आणि तो फुटबॉलचा नाही. ६ एप्रिल २००१ रोजी याच मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात मालिकेचा निर्णायक एकदिवसीय सामना झाला. बनावट तिकिटांचा सुळसुळाट झाला, खरी तिकिटे हातात असलेले असंख्य लोक बाहेर राहिले आणि प्रवेशद्वारांशी गोंधळ माजला. त्यानंतरचे न्यायालयीन प्रकरण वर्षानुवर्षे चालले. गोव्यात ते भ्रष्टाचाराचे प्रकरण म्हणून लक्षात राहिले. सुरक्षेच्या दृष्टीने त्यातली भयंकर बाब वेगळीच होती. आत किती माणसे आहेत हे जर तिकिटांवरून कळत नसेल, तर ते मग कशावरूनच कळत नाही. त्या दिवशी फातोर्ड्याचे हिल्सबरो झाले नाही, हे नशीब. बंगळूरला जून २०२५ मध्ये नशीब आड आले नाही. तेथे सुमारे ३५ हजारांच्या स्टेडियमपाशी लाखोंच्या संख्येने लोक जमले, प्रवेश कुणाला आणि कसा याविषयी संभ्रम होता, आणि मृत्यू आतल्या स्टँडमध्ये नव्हे, तर दारांशी झाले.

कठडा हा शब्द आपल्याकडे अपरिचित नाही. देवळांच्या रांगांना, रथोत्सवांना, जत्रांना आपण सर्रास कठडे बांधतो. पण त्यांची दिशा वेगळी असते. फुटबॉलचा कठडा रेट्याला आडवा असतो. मागून आलेला दाब अडवणे हे त्याचे काम. रांगेचा कठडा रेट्याला समांतर असतो. तो माणसांना ओळीत ठेवतो, बाजूला सांडू देत नाही. गर्दी कमी असताना त्याचा उपयोग होतो. ती वाढली की तोच कठडा बाहेर निसटण्याची वाट बंद करतो आणि दाब ओळीच्या लांबीभर साठत जातो. हिल्सबरोच्या पिंजऱ्याचे काम नेमके हेच होते. उताराची भर पडली की धोका दुणावतो, कारण उतारावर प्रत्येक माणसाचे वजन पुढच्यावर येते. शिरगावची वाट उताराची होती. स्टेडियमचा स्टँड म्हणजे दुसरे काय? बांधून काढलेला उतारच.

समांतर कठड्यांच्या या परंपरेची देशातील पुढची मोठी परीक्षा नाशिक आणि त्यानंतर उज्जैन येथे व्हायची आहे. उज्जैनच्या महाकालेश्वर मंदिरात १५ जुलै १९९६ च्या सोमवती अमावास्येला चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक दगावले होते. २०२८ च्या सिंहस्थासाठी तेथे सुरू असलेल्या तयारीत एक काम फ्रीगंजचे आहे. शिंद्यांच्या काळात वसलेली ही पेठ आणि मंदिराकडचे जुने शहर यांच्यामध्ये लोहमार्ग आहे. दोहोंना जोडणारा पूल ही तिथली नेहमीचीच कोंडी, म्हणून त्याला जोड देणारा दुसरा पूल हाती घेण्यात आला. फ्रीगंजच्या पुलाचा फातोर्ड्याशी संबंध असा की गर्दी अडवायची असेल तर ती पुलाच्या अलीकडे, मोकळ्या जागेत अडवावी लागते. एकदा ती पुलावर चढली, की मागे फिरवता येत नाही. आणि दुसरा पूल बांधून पलीकडची जागा वाढत नाही, उलट दोन वाटांनी लोंढा एकाच अंगणात पोहोचतो. हिल्सबरोचे फाटक उघडल्याने बाहेरची कोंडी फुटली ती अशीच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये मोठ्या गर्दीच्या ठिकाणांसाठी मार्गदर्शिका काढली आहे आणि तिच्यात क्षमता, प्रवेश आणि निर्गम यांचा विचार आहे. ती वाचून दारांवर नेमणुका किती ठिकाणी होतात, हा वेगळा विषय.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ग्रीन गाइड’मध्ये उभ्या विभागासाठी कमाल घनता दर दहा चौरस मीटरला ४७ माणसे इतकी धरलेली आहे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये पाचही नाहीत. तीही सर्व काही उत्तम असेल तरच. कठडे कमकुवत, जिने अरुंद किंवा देखरेख ढिली असेल तर आकडा खाली आणायचा. तेथे क्षमता ही जागेच्या आकाराने ठरत नाही. आत किती मावतात, ठरलेल्या वेळात किती जण आत येऊ शकतात, किती जण बाहेर पडू शकतात आणि व्यवस्था किती भरवशाची आहे, या सर्वांत जो आकडा सर्वांत लहान, ती क्षमता. फातोर्ड्याचा १९ हजारांचा आकडा या कसोटीवर घासून पाहिला तर तो तेवढाच राहील, असे समजण्याचे काही कारण नाही. धुळेर आणि टिळक मैदान यांचा आकडा तर त्याहून आधी तपासायला हवा, कारण तेथे मोठ्या स्पर्धांच्या निमित्ताने होणारी पाहणीही क्वचितच होते.

रेल सीटच्या विरोधात येथे जे आक्षेप येतील, त्यांतला आशियाई महासंघाच्या नियमांचा आक्षेप तांत्रिक आहे. खंडीय सामन्यांना प्रत्येकाला स्वतंत्र आसन लागते. पण घडीचे आसन उघडले की ते आसनच असते, आणि मुळात याच कारणासाठी जर्मनीत ते शोधले गेले. खर्चाचा आक्षेप अधिक खरा आहे. सगळे स्टेडियम बदलण्याची गरज मात्र कुठेच नसते. जिथे लोक उभे राहतातच, तेवढेच विभाग बदलायचे असतात. उरलेल्या भागात मग म्हातारी माणसे, मुले घेऊन आलेली कुटुंबे आणि ज्यांना उभे राहणे जमत नाही ते निवांत बसून सामना पाहू शकतात. आज त्यांना पुढच्याच्या पाठीखेरीज काही दिसत नाही, आणि त्यांची तक्रार ऐकायला कुणी नसते. आसनसक्तीनंतर इंग्लंडमध्ये तिकिटे महागली आणि कामगार वर्गातला तरुण प्रेक्षक मैदानाबाहेर गेला, ही तिथली जुनी खंत आहे. गोव्यात तिकीट अजून त्या टोकाला गेलेले नाही. कठडे बसवण्याच्या खर्चाच्या नावाखाली ते तेथे नेले जाऊ नये, यावर समर्थकांच्या संघटनांना डोळा ठेवावा लागेल.

पोलिसांचा आक्षेप उरतो: उभ्या गर्दीवर नियंत्रण कठीण. बसलेल्या गर्दीवर ते सोपे असते हे मान्य. पण फातोर्ड्यावर त्या विभागात बसलेली गर्दी आहेच कुठे? सध्या पोलिसांसमोर आहे ती उभी, आसनांवर चढलेली आणि जिन्यांवर सांडलेली गर्दी. कठडे असलेल्या विभागात निदान जिने मोकळे ठेवता येतात, कारण प्रत्येकाची रांग आखलेली असते आणि कोण रांगेबाहेर आहे हे लांबूनही दिसते.

तरीही या कामात कठडे पहिले येत नाहीत. क्रीडा खाते, क्रीडा प्राधिकरण, फुटबॉल संघटना आणि क्लब यांच्यात सामन्याच्या दिवशी दारे उघडण्याचा, बंद करण्याचा आणि सामना उशिरा सुरू करण्याचा अधिकार कुणा एका व्यक्तीच्या हातात आहे का, हे आधी ठरायला हवे. हिल्सबरोच्या दुपारी सामना पंधरा मिनिटे पुढे ढकलला असता, तर बाहेरची गर्दी फाटक न उघडताही ओसरली असती. तसा निर्णय घेण्याचा अधिकार होता, घेतला मात्र कुणी नाही. फातोर्ड्याच्या प्रत्येक विभागाची वेगळी क्षमता मोजून ती त्या विभागाच्या दारावर ठळक अक्षरांत लावणे आणि दारावरच्या यंत्राने आत गेलेली माणसे मोजत राहणे, याला पोलाद लागत नाही, परदेशी कंत्राटदारही लागत नाही. ते झाले की समर्थकांच्या विभागातल्या पहिल्या काही रांगांना कठडे लावून एक हंगाम पाहता येईल. श्रूसबरीने सुरुवात केली ती सुमारे साडेपाचशे आसनांनी.